नवी चिप येईपर्यंत

सिंगापूरच्या पासिर रिस भागातल्या आमच्या मराठी मंडळींत लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की आधी निशिकांतला विचारायचं, हा रिवाजच. निशिकांत जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत इंजिनिअर. पण हा गृहस्थ 'अमुक घ्या' असं कधी सरळ सांगेल तर शपथ. आधी तुमचं काम काय ते खोदून विचारणार, मग वेगळं ग्राफिक्स कार्ड का नको यावर प्रवचन देणार. "प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स म्हणजे एकत्र कुटुंब. स्वतःची मेमरी नाही, घरातल्याच रॅममधून वाढून घ्यायचं. म्हणून रॅमच्या दोन पट्ट्या लावा." आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "पण थोडं थांबलात तर नवी चिप येतेय." त्याच्या नादी लागून माझ्या नवऱ्याने अख्खं वर्ष खटारा लॅपटॉपवर काढलं. आम्ही हसायचो.

त्याची बायको वल्लरी माझी मैत्रीण. पुण्यात चांगली आर्किटेक्ट होती. इथे डिपेंडंट पासवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर मिळणाऱ्या परवान्यावर आली आणि काम सुटलं ते सुटलंच. परत गेल्यावर घर बांधायचं म्हणून दोघांनी तळेगावला प्लॉट घेऊन ठेवला होता. मागच्या वर्षी तिचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचल्याचं कळलं, आणि बाईने अंथरुणात बसून त्या घराचं थ्रीडी मॉडेल करायला घेतलं. जुन्या लॅपटॉपवर एकेक खोली वेगळी उघडून, नुसत्या रेषांमध्ये ती काम करायची. पूर्ण घर उघडलं की बाहेरून दिसायचं, पण दारातून आत पाऊल टाकलं की चित्र थिजायचं.

"निशी, मला तुला यात एकदा फिरवून आणायचंय," ती म्हणाली. "काही गोष्टी तोंडाने नाही सांगता येत मला. नवा लॅपटॉप आण ना."

झालं. निशिकांत तुलना करायला बसला. वेगळ्या कार्डाचा लॅपटॉप जड आणि गरम, तिच्या सुजलेल्या पोटावर ठेवणं शक्य नव्हतं. डेस्कटॉपसमोर तिला बसवत नव्हतं. राहिलं प्रोसेसरमधलं ग्राफिक्स. एक चिप वेगवान, पण बॅटरी खाणारी. दुसरी थंड, पण वल्लरीच्या सॉफ्टवेअरमध्ये अडखळणारी. तिसरी जाड लॅपटॉपात पळायची आणि पातळ लॅपटॉपात वीज कमी मिळते म्हणून रांगायची. दर रविवारी सिम लिमच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन हा दुकानदारांचं डोकं खायचा.

"अरे, यातला कुठलाही आण!" शेवटी मी ओरडले. "अंथरुणाला खिळलीय ती!"

"अनघा, मला तिला उत्तमच द्यायचंय. थोड्याच महिन्यांत नवी चिप येतेय, जवळजवळ दुप्पट वेगाची. तोवर तिची केमोही संपेल. जरा बरी होईल ती."

तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. आता वाटतं, नवी चिप येईल तेव्हा वल्लरी असणारच, असं त्याने मनाशी धरून ठेवलं होतं. त्या आशेवर वेडा दिवस ढकलत होता.

चिप आली. लॅपटॉपही आला. वल्लरी त्याच आठवड्यात हॉस्पिटलात गेली, ती परत आली नाही.

दिवसकार्य झाल्यावर त्याचा फोन आला. "जरा येतेस? एकट्याने उघडवत नाहीये."

भर दुपारी आम्ही दोघं तिच्या पलंगाशी बसलो. त्याने फाइल उघडली, आणि दारातून सुळकन आत. "बघ, कुठेही अडकत नाही," तो सवयीने बोलून गेला.

बैठकीत एकच आरामखुर्ची होती. जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची. झोपायच्या खोलीत एका माणसाचा पलंग, बाथरूममध्ये म्हातारपणी धरायला भिंतीला दांडे. मग स्वयंपाकघर. ओटा इतका उंच की वल्लरीला कढईत डोकावता आलं नसतं, जेमतेम पाच फुटांची ती. निशिकांत सहा फुटी, आणि चहापलीकडे त्याला काही करता येत नाही.

तो ओट्यासमोर थांबला. पुढे जाईना.

"हे तिने माझ्या एकट्यासाठी बांधलंय," तो म्हणाला. "तिला सगळं माहीत होतं, अनघा. हेच तिला मला सांगायचं होतं."

त्याने लॅपटॉप मिटला आणि दोन्ही हातांत तोंड धरून लहान मुलासारखा रडायला लागला.

"आणि मी तिला थांब, थांब म्हणत राहिलो."