पहिला टोमॅटो

टोमॅटोच्या पानांना हात लागला की बोटांना एक उग्र, हिरवा वास चिकटतो आणि तो साबणानंही लवकर जात नाही. काल चिखलीच्या आमच्या गॅलरीत कुंडीला पाणी घालताना तो वास आला आणि मी थेट भोसरीच्या भाड्याच्या खोलीत जाऊन पोचले.

पप्पा कंपनीत होते. शेत आमचं गावाकडेही नव्हतं. आईनं रंगाच्या रिकाम्या डब्यात टोमॅटोचं एक रोप लावलं होतं. पहिला टोमॅटो लाल व्हायला लागला तशी ती म्हणाली, "हा कापणीच्या सणाला चर्चमध्ये द्यायचा. पहिलं फळ देवाचं."

मी सात वर्षांची होते. सणाच्या सकाळी मला राहवलं नाही. झाडावरच एक चावा घेतला आणि ती बाजू भिंतीकडे वळवून ठेवली.

आईनं टोमॅटो खुडला, नीट पाहिला आणि रुमालात ठेवला. चर्चमध्ये लोकांनी तांदळाची पोती आणली होती, भोपळे आणले होते. त्यांच्या शेजारी तिनं आमचा टोमॅटो ठेवला, तोही चावलेली बाजू वर करून. पाळकसाहेब बघतच राहिले.

"लेकीनं चाखून पाहिलाय, साहेब," आई हसत म्हणाली. "गोड आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या रोपाला तीनच टोमॅटो लागले. दुसरा तिनं मला अख्खा दिला, तिसरा पप्पांच्या डब्यात गेला. आईनं स्वतः एकही चाखला नाही. तरी 'गोड आहे' म्हणताना तिला जराही शंका नव्हती.