नावं झाका म्हटलं होतं

"चप्पल बाहेर काढ. आणि तूही बाहेरच थांब."

कॉम्प्युटर रूमच्या दारात सर मला म्हणाले. बाकीचे रिसर्च स्टुडंट मोज्यांवर आत गेले. माझ्या हातातल्या फ्लॉपी सरांनी दोन बोटांनी उचलल्या. बंद मिलच्या कामगारांच्या घराघरांतून मी टेप करून आणलेली, मग टाइप केलेली माहिती त्यांत होती.

"सर, नावं झाकायची आहेत. मी बायकांना शब्द दिलाय."

"तुम्ही लोक माहिती आणायला ठीक आहात. पुढचं आम्ही बघू."

तुम्ही लोक. माझे आजोबा महूला फौजेत होते. वडील त्याच मिलमध्ये. वस्तीतून युनिव्हर्सिटीत पोचलेली मी पहिली मुलगी. बाहेर उभी राहून काचेतून बघत राहिले.

मिल बंद पडली तेव्हा इंदौरात नव्या गाड्यांचे शोरूम उघडत होते. आमच्या चाळीत भरदुपारी पुरुष घरी दिसायला लागले. बायका माझ्याशी बोलायच्या, कारण मी घरची. शेजारच्या कमलमावशीने टेप चालू असताना सांगितलं, "तुझे काका राऊच्या फॅक्टरीत लागलो म्हणतात. डबा घेऊन निघतात. अन् स्नेहलतागंजात एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसून राहतात, बेटा. मी डोळ्यांनी बघितलंय. पण मला माहीत आहे, हे त्यांना कळू नको देऊ."

सरांनी ते सगळं नावांसकट, जसंच्या तसं वाटून टाकलं. युनिव्हर्सिटीतल्या या विभागाला, त्या विभागाला. तिथून कोणीतरी अखबारवाल्याला दिलं. छापून आलं. मावशीच्या पूर्ण नावासकट.

काकांनी वाचलं. त्यानंतर ते बाहेर पडलेच नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसायचे. डबा भरायचं कारणच उरलं नाही.

मावशी मला एवढंच म्हणाली, "तू तर आपली होतीस ना?"

मी उठून सरळ युनिव्हर्सिटीत गेले.

मी विभागाविभागांत फिरले. हात जोडले. ते पान काढून टाका म्हटलं. कॉम्प्युटर ऑपरेटर बिचारा हळूच म्हणाला, "दीदी, कॉपी तो सब जगे चली गई. अब कुछ नहीं हो सकता."

शेवटी सरांकडे गेले. ते चहा पीत होते.

"त्या लोकांची कसली आलीय इज्जत? उरलेल्या मुलाखतींच्या कॅसेट आणून दे."

त्या लोकांची. त्यात मावशी आली, काका आले. माझा बाप आला. मी आले.

मी म्हटलं, "देणार नाही."

"मग पीएच.डी. विसर."

"विसरले."

माझं रजिस्ट्रेशन गेलं. मावशीचं गेलेलं मला परत आणता आलं नाही. काका आजही कोणाशी नजर मिळवत नाहीत. मी काहीही केलं तरी ते बदलणार नाही.

उरलेल्या कॅसेट मी ज्याच्या त्याच्या घरी नेऊन दिल्या. आता कोणीही साहेब आमचं दुःख विचारायला येऊ दे. काय नेणार, कोणाला देणार, नावांचं काय करणार, हे वस्तीसमोर उभं राहून सांगावं लागेल. नाही सांगितलं, तर एक शब्द मिळणार नाही. मी मिळू देणार नाही.