पहिल्या फळांच्या टेबलावर

गायी भरवणं, म्हणजे कृत्रिम रेतन करणं, हा माझा धंदा. मोटारसायकलला नायट्रोजनचं भांडं बांधून मी सोनईच्या आसपासच्या वस्त्यांवर दिवसभर फिरतो. गाय माजावर आली की फोन येतो, "लवकर या, आन कालवडच व्हाया पायजे." आता कालवडच होईल अशा वीर्याच्या कांड्याही मिळतात. कुठल्या वळूच्या लेकी किती दूध देतात, त्यांची कास कशी, पाय कसे, सगळं छापून येतं. शेतकरी वाचतो आणि बोट ठेवतो. या कामात माझा हात धरणारा आमच्या भागात कोणी नाही, हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

एका शेतकऱ्यानं मला एकदा विचारलं, "मान्साचं बी असं निवडून करता आलं तर?" मी म्हणालो, "मग तुमचा नंबर लागला नसता." तो खो खो हसला, पण माझ्या डोक्यात ते राहिलं. आम्ही ख्रिस्ती. जनावरं देवानं आपापल्या जातीप्रमाणे केली आणि माणूस मात्र आपल्या प्रतिरूपात घडवला, असं आम्ही मानतो. लहानपणी ते नुसतं ऐकलं होतं, धंद्यात पडल्यावर पटलं. एका वळूच्या लेकी ओळीनं बांधल्या तर मालकसुद्धा चुकतो. एका आईची दोन पोरं मात्र अंधारात नुसत्या खोकल्यावरून ओळखू येतात.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी बायकोला दिवस गेले. नगरच्या दवाखान्यात सोनोग्राफीसाठी गेलो. मुलगा की मुलगी ते इथे सांगत नाहीत, अशी भिंतीवर पाटी होती. कालवडीची हमी देत फिरणारा मी त्या पाटीखाली गुमान बसलो. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. बाळाच्या डाव्या हाताला बोटं दिसत नाहीत, बाकी सगळं उत्तम आहे. पुढे जायचं की थांबायचं ते दोघांनी ठरवा, पण लवकर ठरवा.

बाहेर रसवंतीवर बसलो. मी दोन ग्लास रस सांगितला. बायको अंगणवाडीत शिकवते, ती पोरांना सांगावं तसं सावकाश म्हणाली, "तुमी गायी निवडा. ह्ये देवानं माज्या पोटात सुयांवर विनायला घेतलंय, त्येचं काम मी मदीच थांबवनार न्हाई." मग ग्लास खाली ठेवून म्हणाली, "बोटांचं मला काय न्हाई. पन लोक त्येला बिचारं म्हनत्याल, त्ये मला सोसायचं न्हाई."

मुलगी झाली. इतकं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलं नाही. डाव्या तळहाताला बोटांच्या जागी पाच बारीक टिंबं होती. कपाळावर असा भोवरा, की आमच्या दोन्ही घरांत कुणाला नाही. पण बघायला येणारा प्रत्येक जण आधी उजवा हात बघून खूश व्हायचा, मग डावा बघून तो शब्द उच्चारायचा. तो उच्चारणाऱ्याला बायको चहा विचारायची नाही. त्या दिवसांत आमच्याकडे साखर फार पुरली.

कापणीच्या सणाला आमच्या चर्चमध्ये प्रत्येक घर आपलं पहिलं आणि चांगलं ते आणून वेदीपुढच्या टेबलावर ठेवतं. बाजरीची कणसं, भोपळे, अंडी, एखादा कोंबडा. उपासनेनंतर तिथंच चर्चसाठी त्याचा लिलाव होतो. आम्ही दरवर्षी तूप नेतो. त्या वर्षी बायकोनं तूप घेतलं नाही. मी बाळाला हातमोजा घालायला लागलो, तर म्हणाली, "देवाफुडं ठिवायचं कुनी झाकून ठिवतं व्हय?" आणि भोपळ्यांच्या शेजारी दुपटं अंथरून तिनं मुलगी टेबलावर ठेवली. पाळकसाहेबांनी सगळ्या टेबलावर आशीर्वाद मागितला.

लिलाव पुकारणारे पंच म्हातारे, मार्केट यार्डात कांद्याचे भाव पुकारण्यात त्यांचा जन्म गेलेला. टेबलावर आहे ते पुकारायचंच, अशी आमची रीत. कोंबडा गेला, बाजरी गेली आणि मुलीची पाळी आली. बायको टेबलाला धरून उभी होती, तिनं मुलीला उचललं नाही. मागून एक मावशी हळूच म्हणाली, "बिचारी." बायकोचा चेहरा दगडासारखा झाला.

पंचांनी माल दाखवावा तसं मुलीला दोन्ही हातांनी वर धरलं. दुपट्यातून डावा हात बाहेर आला. त्यांनी पुकारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग आवाज न चढवता म्हणाले, "भाव काडायला शेजारी तसलाच दुसरा माल लागतो. हिच्यासारखी दुसरी देवानं केली न्हाई, फुडंबी करनार न्हाई. हिचा भाव मला काडता येनार न्हाई." तिला पुन्हा दुपट्यावर ठेवून त्यांनी भोपळा उचलला आणि नेहमीच्या आवाजात पुकारायला लागले.

ती मावशी पुढे आली. "मला घिऊ दी की गं तिला," म्हणाली. बायकोनं दिली. मावशीनं तो डावा हात गालाला लावला, त्याचा मुका घेतला आणि बराच वेळ तिला खाली ठेवलं नाही. बायको बघत राहिली, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मला तिचा फार अभिमान वाटला. मी मोठ्यानं बोली लावली आणि नको असलेला भोपळा घरी घेऊन आलो.