आबांची सोळा चाकं

आबा बोलता बोलता खिशातून खडू काढायचे आणि समोर सापडेल त्यावर चाकं काढायचे. एकात एक घुसलेली. माझ्या वर्गाचा फळा, एसटी थांब्याचं बाक, एकदा तर रवंथ करणाऱ्या म्हशीची पाठ. वर म्हणायचे, "बाई, जर्मनांनी याचा विचार आधीच केलाय."

ती चाकं दुसऱ्या महायुद्धातल्या टायगर रणगाड्याची. राजापूरच्या रस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव लागतं. तिथे शाळेला लागून आबांचं वेल्डिंगचं दुकान. खिडक्यांच्या जाळ्या करायच्या आणि उरलेला वेळ मोबाइलवर रणगाड्याचे जर्मन व्हिडिओ बघायचे. भाषा कळत नसे. "लोखंडाची कळते ना!" म्हणायचे.

ऐकून ऐकून मलाही तो रणगाडा पाठ झाला. सत्तावन्न टनांचं धूड. आराखडे दोन कंपन्यांनी केले. एकीनं इंजिनावर वीज करून विजेवर चाकं फिरवायचा घाट घातला आणि ती चाचणीत मागे पडली. हे सांगताना आबा घरचा मुलगा दहावीत नापास झाल्यासारखे हळहळायचे. दुसरीनं चाकं एकमेकांत बसवली, त्यामुळे वजन पसरलं आणि धूड मऊ जमिनीत कमी रुतायला लागलं.

"पण आबा, माणसं मारायचं यंत्र ते."

"म्हणून तोफ नको. चाकं तेवढी घेऊ."

घ्यायची वेळ आली शेजारच्या वहिनींमुळे. मुलगे मुंबईला, बैल विकलेले. ओढ्याकाठचं भातशेत इतकं खोल चिखलाचं की पॉवर टिलर पोटापर्यंत रुतायचा. गेल्या वर्षी ते पडीक राहिलं. "यंदा पण नाय लावलं तर पोरं विकून टाकतील," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, रोपं तयार ठेवा," आबा म्हणाले.

दोन महिने खपून त्यांनी जुन्या टिलरला पत्र्याची सोळा चाकं बसवली. यंत्र झकास झालं. फक्त दुकानाच्या फाटकातून बाहेर येईना.

"टायगरपण रेल्वेत मावत नव्हता!" आबा उलट खूश झाले. "बाहेरची चाकं काढायचे, मग न्यायचे." चार चाकं काढली, यंत्र बाहेर आणलं, चाकं परत बसवली. अर्धा दिवस गेला. दगडांच्या गडग्यावर बसलेल्यांपैकी कुणीतरी ओरडलं, "आबा, तवर शत्रू जेवून झोपला!"

शेतात मात्र यंत्र खरंच रुतलं नाही. वीस पावलं डौलात गेलं. मग चाकांच्या फटींत चिखल आणि दगड गच्च बसले आणि ते जागच्या जागी थांबलं. दगड सगळ्यात आतल्या चाकाशी. तो काढायचा तर आधी बाहेरची सगळी चाकं काढायची.

"जर्मनांनी याचा विचार?" मी विचारलं.

आबांनी फटीतला चिखल बोटानं खरवडून पाहिला. मग हळूच म्हणाले, "बाई, इथंच त्यांचं चुकलं."

मग अख्खं गाव दोर घेऊन उतरलं. ढकला, ओढा, पडा, पुन्हा ओढा. सरपंचांची एक चप्पल गेली ती गेलीच. मी दोनदा बसकण मारली. दोन तासांनी यंत्र बांधावर आलं तेव्हा वहिनींनी चिखलात हात घातला आणि ओरडल्या, "अहो, चिखलणी झाली की!" तीस माणसांच्या पायांनी शेत लावणीला हवं तसं, श्रीखंडासारखं मऊ झालं होतं.

वहिनींनी कुणालाच सोडलं नाही. प्रत्येकाच्या हातात रोपं दिली. आबांनीही एक ओळ लावली. जन्मभर गज सरळ जोडलेल्या माणसाची ओळ नागासारखी वळत गेली.

"उपटून परत लावू?" वहिनींनी विचारलं.

"राहू द्या हो. जाते कुठं!"

गणपतीनंतर एका दुपारी जेवून आडवे झाले, ते आबा उठलेच नाहीत.

भात कापायला मीही गेले. वहिनींनी सगळं शेत कापलं, ती वाकडी ओळ तेवढी ठेवली. शेवटी तिच्याशी खाली बसून रोपांचा एकेक चूड सावकाश कापला. "वाकडी लावली, पण बाई, लोंबी बघा कशी भरल्येय."

बाकीचे भारे डोक्यावरून गेले. त्या ओळीची पेंढी वहिनींनी कडेवर घेतली.