स्टुडिओचा कोट

माझे वडील आयुष्यात एकदाच कोट घालून बसले आणि कायमचे तसेच राहिले.

बहीण लग्न होऊन आखातात गेली होती. तिला दिवस राहिले, तब्येत नाजूक निघाली आणि डॉक्टरांनी विमानाला बंदी केली. तेव्हा बाळंतपण तिकडेच करायचं आणि आई-वडिलांनी तिकडे जायचं, असं एसटीडीच्या बूथमधून ठरलं. घरात कुणाकडेच पासपोर्ट नव्हता. वडील तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. त्यांनी फॉर्म आणला, रविवारी सकाळी चष्मा पुसून तो दोनदा वाचला आणि महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलीनं रेघा मारल्या. फोटोच्या ओळीखाली दोन रेघा होत्या. चेहरा समोरून, मागचा पडदा साधा, दोन्ही कान दिसलेले.

"कानावरून माणूस ओळखतात की काय?" आई म्हणाली.

"सरकारला काय बघायचं ते बघू दे," वडील म्हणाले. "आपले आहेत ना दोन्ही?"

तेव्हा नेरूळ म्हणजे अर्धवट होतं. इमारती होत्या, झाडं यायची होती, आणि बाजारात पिठाच्या गिरणीला लागून एकच फोटो स्टुडिओ होता. त्याच्या काचेवर कायम पिठाची साय असायची. फोटोग्राफर शेजारच्या सारसोळे गावातला. घरचे अजून खाडीत होड्या घालत, यानं हळदीचे आणि लग्नाचे फोटो काढता काढता दुकान टाकलं होतं. आई त्या दिवशी आलीच नाही. तिची दाढ सुजली होती. "एक गाल मोठा येईल," ती म्हणाली, "आणि मग तिकडे विचारत बसतील, दुसरा गाल कुठाय. तुम्ही काढून घ्या, मी पुढच्या आठवड्यात."

म्हणून मी आणि वडील गेलो. त्यांना स्टुलावर बसवून फोटोग्राफरनं खुंटीवरचा काळा कोट काढला.

"काका, हा घाला."

"मी कोट घालत नाही."

"पासपोर्टला लागतो."

"कुठे लिहिलंय? फॉर्मवर कानांचं लिहिलंय. कोटाचं नाही."

"कान तर पायजेतच. कान नसले तर फोटो परत येतो."

"आणि कोट नसला तर?"

"तर तुमी परत येता. बिनकोटाचा मानूस तिकडं लेबर वाटतो."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा पोशाख म्हणजे बुशशर्ट, दोन खिसे, एकात पेन आणि दुसऱ्यात रुमाल. पण हरलेला वाद ते ओळखत. त्यांनी कोट घातला. तो त्यांच्या दीडपट होता, तेव्हा फोटोग्राफरनं पाठीवर कापड गोळा करून कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावले. पुढून साहेब, मागून दोरीवरचं धुणं. कोटाच्या कॉलरला अनेकांच्या तेलाचा वास होता. "हलू नका, नायतर चिमटा उडंल. हसायचा नाय. दात नाय. लेन्सकडं बगा, लेन्सकडं." वडील ताठ बसले. तो ताठपणा लोकांना नंतर फार आवडला. चिमट्यांचं मी कुणाला सांगितलं नाही.

आईचा पुढचा आठवडा आलाच नाही. आधी दाढ काढली, मग पाहुणे आले. मग जूनमधल्या एका सकाळी कारखान्याच्या बसच्या थांब्यावर वडील खाली बसले आणि उठले नाहीत.

भिंतीवर लावायला फोटो शोधू लागलो, तर घरात फोटोच नाहीत. लग्नाच्या फोटोत ते माझ्यापेक्षा लहान दिसत होते. कारखान्याच्या सहलीच्या फोटोत कुणाचा तरी हात त्यांच्या हनुवटीवर आला होता. उरला पासपोर्टचा. फोटोग्राफरनं तो मोठा करून फ्रेममध्ये घालून दिला आणि दिवस करायच्या आधी स्वतः घरी आणून पोचवला. आत्या फ्रेमसमोर उभी राहून म्हणाली, "काय रुबाब होता माझ्या भावाचा." ज्या भावाला चड्डीच्या आणि मग लेंग्याच्या नाड्या बांधायला शिकवल्याचं तिनं जन्मभर सांगितलं, तो रातोरात रुबाबदार झाला. आलेले सगळे तेच म्हणाले. कुणी तर वडील मॅनेजर होते असंही परस्पर सांगून टाकलं.

आईनं फ्रेमकडे बराच वेळ पाहिलं. "हे कुणाला आणलंस?" ती म्हणाली.

तिचं खरं होतं. लेन्सकडे बघा म्हटल्यावर माणूस लेन्सकडे बघतो, आणि असा फोटो भिंतीवर लागला की तो खोलीत सगळीकडे बघतो. जेवताना बघायचा, पेपर वाचताना बघायचा. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, तेव्हाही ठेवत नव्हतो. तरी रेडिओ लावण्याआधी माझी मान एकदा तिकडे वळायची. आई त्या भिंतीकडे पाठ करून बसू लागली.

दुसरी एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. आतल्या खोलीत लोखंडी कपाट होतं, त्याच्या दारावर आरसा. आई रोज निजताना कपाळावरची टिकली काढून त्या आरशावर लावायची आणि सकाळी तीच परत कपाळाला. गोंद संपेपर्यंत एक टिकली चालायची. त्या सकाळी वडिलांची बातमी आली तेव्हा तिची आंघोळ व्हायची होती आणि टिकली आरशावर होती. पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. आत्यानं आईचं कपाळ पुसलं. तिथे काही नव्हतंच, पण रीत म्हणून पुसलं. आरसा पुसायचा राहिला.

तर ती टिकली तिथेच होती, आणि आईच्या उंचीला होती. एके दिवशी ती केस विंचरत असताना मी मागून खोलीत आलो, आणि आरशात मला माझी पूर्वीची आई दिसली. मरून रंगाची टिकली बरोबर कपाळाच्या मधोमध. ती अर्धं पाऊल बाजूला सरली आणि टिकली तिच्या कानाशी गेली. नंतर मी स्वतः उभा राहून पाहिलं. माझ्या ती गळ्यावर येत होती.

बहीण बूथवर फोन करायची. आम्ही ठरल्या वेळी जाऊन थांबायचो. "आई, तू तरी ये." आई म्हणायची, वर्ष व्हायच्या आत कसं येऊ. हा नियम आत्याचा. आईनं आत्याचा कुठलाही नियम त्याआधी पाळलेला नव्हता. हा मात्र तिनं घट्ट धरला. मला कळत होतं की जोडीनं जायचं ठरलेल्या ठिकाणी तिला एकटीनं पोचायचं नव्हतं. मग दिवाळीच्या आधी बहिणीनं फोनवर सांगितलं की बाळ आडवं आहे, कदाचित पोट फाडावं लागेल. आईनं रिसीव्हर ठेवला, बूथबाहेर येऊन पदर खोचला आणि म्हणाली, "चल, माझा तो फोटो काढून टाकू."

फोटोग्राफरनं तिला ओळखलं. "या काकी," एवढंच म्हणाला. स्टूल तेच, पडदा तोच. समोरच्या खुंटीवर कोट.

आईनं तो पाहिला. घरच्या फ्रेममधल्या कोटाला एक बटण वेगळं होतं, बाकीच्यांपेक्षा जरा मोठं, यालाही होतं. चिमटे पाठीला तसेच लटकत होते. ती स्टुलावरून उठली. मला वाटलं, आता ही घरी जाणार, आणि बहिणीला फोन मला करावा लागणार.

"दुसरीकडं ठेवू का काकी?" फोटोग्राफर म्हणाला.

"असू दे."

ती कोटाजवळ गेली. एक बाजू दुमडलेली कॉलर तिनं सरळ केली, खांद्यावरचं पीठ हातानं झटकलं आणि परत येऊन बसली. "हं," ती म्हणाली, "दाखवा, कुठे बघायचं."

"लेन्सकडं. पदर कानामागं घ्या. दोनी कान."

फ्लॅश पडला. पण ती लेन्सकडे बघत नव्हती असं मला अजून वाटतं. लेन्सच्या जरा वर, खुंटीकडे.

फोटो आणायला आम्ही दोघं गेलो. फोटोग्राफरनं पाकिटातून प्रती काढून काचेवर मांडल्या. काळ्यापांढऱ्या सगळ्या. प्रत्येकीत आई, दोन्ही कान, आणि कपाळावर टिकली.

मी आवाज चढवला. फोटोग्राफरनं प्रती उचलून उजेडात धरल्या आणि त्याचा चेहरा उतरला. आतल्या अंधाऱ्या खोलीत त्याची बायको निगेटिव्हवर टचिंग करायची: कुणाचे फोड घालवायचे, कुणाला भुवया द्यायच्या. त्यानं तिला हाक मारली. ती हात पुसत बाहेर आली.

"ही टिकली कोनी काढली?"

"मीच. कपाल कोरा दिसला, मना वाटला फ्लॅशमदी टिकली उडाली." मग तिनं आईकडे पाहिलं, आईच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं, आणि तोंडावर पदर धरला. "चुकला माजा, आये. मना ठाव नव्हता."

"निगेटिव्हच खरवडली का गं?" नवरा म्हणाला. "मग सगल्या कॉपीत येनार ती. काकी, बसा, दुसरा काढतो. आत्ता काढतो."

आई प्रत बोटांत धरून बघत होती. टिकली बेताची होती, गोल, थोडी डावीकडे. आई नेहमी लावायची तशीच थोडी डावीकडे. त्या बाईनं आईला कधी पाहिलेलं नव्हतं.

"नको," आई म्हणाली. "हाच राहू दे."

"अगं, पण तू अशी आता..." मी म्हणालो.

"पोरीनं मला अशीच पाहिलीय. ओळखायला बरी." मग त्या बाईला म्हणाली, "हात चांगला आहे हो तुझा."

फोटोवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागायची. एक तसे आमच्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर राहत. त्यांच्या दारावर नावापेक्षा पद मोठ्या अक्षरांत होतं, आणि शिक्का ते देव्हाऱ्याच्या खणात ठेवत. सही करण्याआधी हात धूत. वडिलांच्या वेळी ते भेटायला येऊन मृत्यू या विषयावर बरंच बोलले होते. त्यांनी फोटो पाहिला, आईकडे पाहिलं, परत फोटो पाहिला.

"वहिनी, फोटो आधीचा वाटतो."

"गेल्या आठवड्यातला आहे."

"पण यात..." त्यांनी स्वतःच्या कपाळाकडे बोट नेलं आणि अर्ध्यात थांबवलं. "मला प्रमाणित करायचं असतं. की हीच ती व्यक्ती."

"तुम्ही मला ओळखता ना?"

"म्हणजे काय. अर्थात."

"फोटोतली ती कोण?"

"तुम्हीच."

"मग मारा शिक्का."

त्यांनी मारला. जरा हळू मारला.

पासपोर्ट पोस्टानं आला. त्यात हातानं लिहिलेल्या आईच्या नावापुढे वडिलांचं नाव होतं आणि शेजारी टिकली लावलेली ती. ते पान उघडलं की असं वाटायचं, घरात काहीच झालेलं नाही. मी ते फार उघडत नसे.

जायच्या दिवशी टॅक्सी खाली उभी होती. आई आतल्या खोलीत होती, म्हणून मी बोलवायला गेलो. ती कपाटापुढे उभी होती. तिनं नखानं आरशावरची टिकली अलगद सोडवली. गोंद केव्हाच वाळला होता. टेबलावर फॉर्मला फोटो चिकटवायची डिंकाची बाटली होती. तिनं काडीनं त्यातला थेंब घेऊन टिकलीला लावला आणि टिकली कपाळावर दाबून धरली. आरशात तिनं मला पाहिलं.

"फोटोसारखं दिसायला पाहिजे ना?" ती म्हणाली. "नियम आहे."

असा नियम मी वाचलेला नव्हता, पण वादात पडलो नाही. बाहेरच्या खोलीतून जाताना ती फ्रेमसमोर थांबली. दिवस झाल्यापासून पहिल्यांदाच सरळ बघितलं तिनं तिकडे. मग पिशवी उचलली. विमानतळावर मला काचेच्या अलीकडेच थांबवलं. ती आत गेली ती पाठमोरी, आणि मग दिसेनाशी झाली.

नातू सुखरूप झाला, पोट फाडूनच. आई उन्हाळ्यात परत आली ती कपाळ मोकळं घेऊन. टिकलीचं मी विचारलं नाही. आरशावर तेवढी गोल खूण राहिली होती. ती बरीच वर्षं पुसली तरी जात नसे.

बहीण माहेरपणाला आली ती मूल चालायला लागल्यावर, सामान आधी सासरी टाकून. जुईनगरच्या स्टेशनपासून आम्ही दोघं घरी चालत येत होतो, मूल माझ्या खांद्यावर झोपलेलं. तेव्हा तिनं आपणहून सांगितलं. तिकडच्या विमानतळावर आई बाहेर आली. लांबून टिकली दिसली. "मला सगळं माहीत होतं रे," ती म्हणाली. "फोनवर ऐकलं होतं, रडून झालं होतं. पण आई तशीच, टिकली लावून येताना दिसली, आणि मी तिच्या मागे बघायला लागले. ट्रॉली कोण ढकलतंय ते."

"दिसले?"

"दिसले म्हणजे काय. मी बघत होते. ते येतील म्हणून बघत होते. गर्दीत एकेक माणूस बघितला. आई येऊन माझा हात धरून उभी राहिली तरी मी बघत होते."

थोडं पुढे गेल्यावर मी विचारलं, "कोटात शोधत होतीस?"

"कोटात कशाला? बुशशर्टात. पेन नाही का असायचं खिशात?"

बरोबर होतं. तिनं तोवर भिंत पाहिलेली नव्हती. घरी पोचल्यावर ती फ्रेमसमोर उभी राहिली, आणि मी तिच्या मागे उभा राहून बुशशर्ट आठवून पाहिला. रंग आठवला, खिसे आठवले, पेन आठवलं. वर चेहरा मात्र आला तो भिंतीवरचाच, लेन्सकडे बघणारा, आणि त्याच्याबरोबर कोटही आला.