दर शंभर पावलांवर धनाजीराव

दि. १२ जानेवारी २००४, सोमवार. या दिवशी बडोद्यातील एका खासगी दवाखान्यात धनाजीरावांचा पाय बूटमोज्यांसकट तपासला गेला आणि कागदावर ‘गुडघ्याची झीज’ असे लिहिले गेले. ही नोंद मी मुद्दाम करीत आहे. तपासणीच्या त्या टेबलाशेजारी मीही उभा होतो.

धनाजीराव आमच्या महाविद्यालयात प्रयोगशाळा-सेवक. पणजोबा संस्थानी फौजेत शिलेदार, म्हणून ‘दमलो’ हा शब्द त्यांच्या घरात कोणी उच्चारीत नसे. नागरवाड्यातून खंडेराव मार्केटला चालत जाताना दर शंभर पावलांवर त्यांची पोटरी आवळून येई. मग ते कोणत्याही टोपलीपुढे भाव विचारीत उभे राहत.

“आवो धनाजीराव! घ्यायचं काय नाय, नुसता भाव!” भाजीवाली गंगाबाई ओरडे.

“दुधी कोवळा आहे का, बघतो.”

“कालपण दुधीच बघितला. सोयरीक जुळवताय काय त्याची?”

सगळे हसत. मीही हसलो आहे.

रक्तवाहिनीच्या अस्तरातील पेशींवर ग्राही, म्हणजे निरोप टिपणारे रेणू असतात, हे मी दरवर्षी शिकवीत असे. रक्तातला निरोप ग्राहीने घेतला की पेशी एक वायू सोडते, वाहिनी सैलावते. तंबाखूने अस्तर बिघडले की निरोप येतो, पण वाहिनी उघडत नाही. पुढे तिथेच चरबी साचते आणि पायाकडे जाणारे रक्त अडते. तक्ता धनाजीराव धरीत. खिशात विड्यांचे बंडल.

“सर, हे बाहेरून कसं कळायचं?” त्यांनी एकदा विचारले.

“पावलावर बोट ठेवायचं. नाडी लागत नाही,” असे सांगून मी हजेरी घेऊ लागलो. ते आपल्या बुटांकडे पाहत राहिले.

दवाखान्यात त्यांच्या पत्नी कुसुमावती म्हणाल्या, “शंभर पावलांवर थांबतात हो.”

“गप्प बस. गुडघा आहे,” धनाजीराव म्हणाले. तरुण डॉक्टरीणबाईंपुढे बूट काढणे त्यांना अपमानाचे वाटले. बाईंनीही ते काढायला सांगितले नाही. मी बोललो नाही.

एप्रिलमध्ये अंगठा काळा पडला. मे महिन्यात पाय गुडघ्याखाली कापला. आता बडोद्यातल्याच हरणी भागात मुलाच्या घरी, भाजीची गाडी फाटकाशी येते तेव्हा ते भाव विचारीत नाहीत.

वाचकहो, तुमच्या घरात चालताना थांबणारे कोणी असेल, तर त्याला याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. मोजे तुम्ही स्वतः उतरवा. दोन्ही पावलांच्या नाडीवर डॉक्टरांचे बोट टेकल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.