पाच फूट वर थांबलेला फ्लेक्स

सूर्यप्रभा सोसायटीत बुद्धरत्न ओव्हाळ नावाचा माणूस अकरा वर्षं राहत होता. पण तो आहे हे लोकांच्या नीट लक्षात आलं ते एका मंगळवारी सकाळी, प्रज्वलभाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच्या एका शुभेच्छुकाच्या तोंडातून दोरी बाहेर आली तेव्हा. दोरीच्या टोकाला कापडी पिशवी होती. झोके न घेता, अगदी शिस्तीत ती खाली उतरली, शालनबाईंच्या हातगाडीवर टेकली, मेथीच्या दोन जुड्या घेऊन तितक्याच शिस्तीत वर गेली आणि शुभेच्छुकाने ती तोंडात घेतली.

चौकातले लोक हसले. शुभेच्छुकाला मात्र हसू आलं नाही. कारण तो आयुष होता, प्रज्वलभाऊंचा उजवा हात, आणि त्या वेळी तो समोरच्या टपरीवर चहा पीत स्वतःच्याच फोटोकडे कौतुकाने बघत उभा होता.

"ही कोणाची दोरी?" त्याने शालनबाईंना दरडावून विचारलं.

"दोनशे चारच्या तानुबाईची," शालनबाई म्हणाल्या. "आन वरची कप्पी तिच्या लेकाची. बघ की, लोण्यावानी फिरतीया. तुला न्हाई जमायची."

तो लेक म्हणजे बुद्धरत्न. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्स फिटर म्हणून त्याने अठ्ठावीस वर्षं काढली होती. घरघरणाऱ्या, कुरकुरणाऱ्या, अडून बसणाऱ्या यंत्रांशी त्याचं छान जमायचं. माणसांशी वाकडं नव्हतं, पण माणसांना ग्रीस कुठे द्यायचं हे त्याला कधी सापडलं नाही. सोसायटीच्या सभेत तो मागच्या खुर्चीवर बसे. वरच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय हे त्याला पहिल्याच मिनिटाला ऐकू येई आणि मग सभा संपेपर्यंत दुसरं काही ऐकू येत नसे.

निवृत्त झाल्यावर त्याने पहिलं काम केलं ते आईच्या पिशवीचं. तानुबाई ब्याऐंशीच्या. गुडघे थकलेले, आणि सोसायटीची लिफ्ट दीड वर्षापासून बंद. दुसऱ्या मजल्यावरून त्या खाली उतरत नसत. त्यांचं जग म्हणजे चौकावरची खिडकी. सकाळी चाकणला जाणाऱ्या कंपन्यांच्या बसेस, कोणता ड्रायव्हर रोज उशीर करतो, कोण पळत येऊन बस पकडतं, सगळं त्यांना पाठ. साडेतीनच्या बसमधून बुद्धरत्न उतरायचा, तेव्हा त्या वरून बघायच्या. आता तो निवृत्त होऊन शेजारच्या खुर्चीवर बसलेला असला, तरी साडेतीनला त्या खिडकीतून वाकून बघतच. या खिडकीत त्याने शिवणयंत्राच्या चाकाची कप्पी आणि सायकलचा ब्रेक बसवला होता. शालनबाईंची हाक आली की आई पिशवी सोडे. भाव, घासाघीस, सुनांच्या तक्रारी, सगळं त्या दोरीवरून चाले.

आणि ती खिडकी प्रज्वलभाऊंनी झाकली.

प्रज्वलभाऊ हे भावी नगरसेवक. महापालिकेची निवडणूक गेली चार वर्षं "लवकरच" होणार होती, त्यामुळे भाऊही चार वर्षं भावीच होते. त्यांनी सोसायटीला शब्द दिला, चौकाकडची भिंत फ्लेक्सला द्या, लिफ्ट आम्ही चालू करून देतो. चेअरमन सयाजी येवले यांनी हा ठराव सभेत मांडला.

"तीनच खिडक्या झाकल्या जातात," ते म्हणाले. "चारशे चारला कुलूप आहे. तीनशे चारचा भाडेकरू रात्रपाळीचा, त्याला दिवसा अंधार हवाच आहे. राहिली एक. एका खिडकीसाठी लिफ्ट अडवायची का?"

बुद्धरत्न पंखा ऐकत होता. हात वर करायचे होते की नव्हते, हे कळेपर्यंत ठराव झाला होता.

तीस फुटी फ्लेक्स गच्चीपासून खाली आला. सर्वांत वर पक्षातल्या मोठ्या साहेबांच्या फोटोंची रांग, मधे हात जोडलेले अवाढव्य भाऊ आणि तळाला शुभेच्छुकांची पट्टी. ती पट्टी नेमकी तानुबाईंच्या खिडकीवर आली. वारा जावा म्हणून फ्लेक्सला चंद्रकोरीसारख्या फटी पाडतात. त्यातली एक फट आयुषच्या तोंडावर पडली. आठ दिवस तानुबाई भर दुपारी बल्ब लावून बसल्या. नवव्या दिवशी त्यांनी भाजीची सुरी घेतली आणि ती फट पिशवी जाईल एवढी मोठी केली.

आयुष दोन पोरांना घेऊन जिना चढून वर आला. "आजी, भाऊंच्या बॅनरला भोक पाडलंत?"

"भाऊला न्हाई पाडलं रं," तानुबाई म्हणाल्या. "तुला पाडलं. तुझं तोंड उघडंच व्हतं."

पोरं खो-खो हसली आणि आयुष आणखी तापला. पोलिसांपर्यंत भाषा गेली. तेव्हा बुद्धरत्न आतून आला. त्याच्या हातात विजेच्या बिलाचा पाठकोरा कागद होता आणि त्यावर पेन्सिलने काढलेली आकृती. भांडणाला उत्तर म्हणून त्याच्याकडे आकृतीच असे.

अठ्ठावीस वर्षं साहेबलोकांशी बोलून तो एक गोष्ट शिकला होता. यंत्राचा उपयोग सांगू नये, यंत्रासमोर साहेबांचा फोटो कसा येईल ते सांगावं.

"तुमचा फ्लेक्स एकदाच लागला," तो आयुषला म्हणाला. "अनावरणही एकदाच झालं. समजा, हा फ्लेक्स रोज सकाळी दहा वाजता सगळ्यांसमोर उलगडत खाली आला तर?"

आयुष थांबला. "म्हणजे रोज अनावरण?"

"रोज."

"हलगी लावून?"

"ते तुम्ही बघा. मी मोटर लावतो."

पंधरा दिवसांत त्याने ते उभं केलं. गच्चीच्या कठड्यावर लांब नळी, दोन बाजूंना बेअरिंग, भंगारात निघालेल्या एका कन्व्हेयरची मोटर. फ्लेक्सच्या खालच्या कडेला वजन आणि दोन बाजूंना पत्र्याच्या पन्हाळ्या, वाऱ्याने फडफडू नये म्हणून. फ्लेक्स किती खाली यायचा तिथे एक स्विच. ठरलेल्या जागी पट्टी येऊन टेकली की मोटर आपोआप बंद. परवानगी कोणाकडे मागायची हे तीन दिवस ठरेना, म्हणून ती मागितलीच गेली नाही. रात्री दहा ते सकाळी दहा फ्लेक्स गुंडाळलेला, बाकी वेळ उलगडलेला. म्हणजे आईची सकाळ मोकळी. पूर्ण दिवस मिळत नसेल तर निदान एक शिफ्ट, असा त्याचा हिशेब.

पहिल्या दिवशी चौकात खरोखरच हलगी वाजली. फ्लेक्स वरून उलगडत आला. अशा यंत्रात तळ आधी बाहेर येतो, त्यामुळे पहिल्यांदा शुभेच्छुक अवतरले आणि आयुषने स्वतःसाठी टाळ्या वाजवल्या. मग भाऊंचे बूट आले, मग गुडघे, मग जोडलेले हात.

"ओव्हाळकाका," भाऊ खालून ओरडले, "हे काय? माझं तोंड किती वेळाने येतंय!"

"मोठा माणूस उशिराच येतो, भाऊ."

"आणि वरचे साहेब?"

"ते सगळ्यात शेवटी."

भाऊंना हे पटलं. चौकाला तर फारच आवडलं. कंपनीच्या बसेसमधली माणसं माना वळवून बघत. आजूबाजूच्या दोन सोसायट्यांनी येऊन नळीची मापं घेतली. अकरा वर्षांत पहिल्यांदा बुद्धरत्नला जिन्यात लोक ओळख देऊ लागले. "काय ओव्हाळ, भारी बनवलंय राव!" तो "जय भीम" म्हणून पुढे जाई. पण अशा दिवशी तो जिन्याच्या दोन पायऱ्या एकदम चढे, असं अंजली, त्याची बायको, सांगायची. ती तळेगावच्या एका दवाखान्यात परिचारिका होती आणि नवऱ्याचा आनंद पायऱ्यांवर मोजायला शिकली होती.

सगळं बिनसलं ते महिन्याभराने. महापालिकेची अतिक्रमण हटवणारी गाडी सकाळची फिरू लागली, म्हणून शालनबाई हातगाडी घेऊन अकराला येऊ लागल्या. अकराला फ्लेक्स खाली. यंत्रासाठी नव्याने छापलेल्या फ्लेक्सला, पन्हाळ्यांमुळे, फटींची गरज उरली नव्हती. साडेतीनची बस तर फ्लेक्स आल्यापासूनच दिसेनाशी झाली होती. शालनबाई खालून हाका मारत, आणि हात जोडलेले भाऊ ऐकून घेत.

तानुबाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फ्लेक्सच्या पांढऱ्या पाठीकडे तोंड करून लसूण सोलत बसत.

"आई, उजेड कमी पडतो का?"

"हाय की उजेड. बल्ब हाय."

बुद्धरत्नला त्या रात्री जेवण गेलं नाही. गणित त्याने पहिल्या दिवशीच केलं होतं. स्विच पाच फूट वर सरकवला, तर खिडकी दिवसभर मोकळी. पण तेवढाच फ्लेक्स वर नळीवर गुंडाळलेला राहणार. वरचे पाच फूट म्हणजे मोठ्या साहेबांची रांग आणि पक्षाचं चिन्ह. ते झाकायचे म्हणजे सूर्यप्रभाची लिफ्ट, चेअरमन, भाऊ, सगळं अंगावर घ्यायचं. शिवाय मापाच्या अलीकडे थांबणारं यंत्र त्याने आयुष्यात बनवलं नव्हतं.

"त्या स्विचला पाना कोणता लागतो हो?" अंजलीने सकाळी विचारलं.

"तेरा-चौदा. का?"

चहाच्या बशीशेजारी तिने तेरा-चौदाचा पाना ठेवला आणि लोकल पकडायला निघून गेली.

त्या दिवशी दहा वाजता शुभेच्छुक आले, बूट आले, हात आले, भाऊंचं तोंड आलं आणि फ्लेक्स थांबला. वर काही नाही. नुसती नळी.

साडेदहाला त्याचे फोटो फोनाफोनी फिरले. अकराला चौकात चर्चा सुरू झाली की भाऊंनी पक्ष सोडला. बाराला टपरीवाल्याने कोणत्या पक्षात गेले तेही सांगून टाकलं. आणि एक वाजता खुद्द भाऊ दोन मजले जिना चढून, धापा टाकत, ओव्हाळांच्या दारात उभे राहिले. मागे आयुष आणि सयाजी येवले.

"ही लिफ्ट बंद का आहे?" भाऊंनी पहिला प्रश्न विचारला. चेअरमननी जमिनीकडे पाहिलं.

"काका, तुमचं मशीन अडकलंय," आयुष म्हणाला. "आत्ताच्या आत्ता पूर्ण खाली सोडा."

बुद्धरत्नला "हो, अडकलंय" म्हणता आलं असतं. पण आपलं यंत्र अडकलंय हे त्याला म्हणवेना.

"अडकलं नाही," तो म्हणाला. "मीच तिथे थांबवलंय. पाच फूट वर. आईची खिडकी आहे."

चेअरमननी डोळे मिटले. भाऊ काही बोलणार, तोच त्यांचा फोन वाजला. ते खिडकीशी गेले. "नाही, नाही साहेब... तसं काही नाही... हो, बसू ना, कधीही बसू." फोन ठेवला तर दुसरा वाजला. पहिला विरोधी पक्षातून होता, हा त्यांच्याच पक्षातून. गेल्या दोन वर्षांत त्यांचा फोन न उचलणाऱ्या एका साहेबांनी स्वतः केला होता. भाऊंचा आवाज मऊ होत गेला. चौथा फोन ठेवून ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी मुकाट्याने तानुबाईंनी पुढे केलेला चहा घेतला.

"काका," ते हळूच म्हणाले, "आहे तिथेच राहू द्या."

"म्हणजे?"

"निवडणूक जाहीर होईपर्यंत हलवू नका. कोणी विचारलं तर सांगायचं, तांत्रिक बिघाड आहे."

"बिघाड नाही, भाऊ." बुद्धरत्नचा चेहरा उतरला. "दुसरं काहीही म्हणा. मीच केलं म्हणा. बिघाड नका म्हणू."

"बिघाडच म्हणायचं. तुम्ही केलं म्हटलं की मी करायला लावलं असं होतं. बिघाडाला पक्ष नसतो. पटत नसेल तर पूर्ण खाली सोडा, माझं काही म्हणणं नाही."

बुद्धरत्नने आईकडे पाहिलं. तिचं यात लक्षच नव्हतं. ती ब्रेक दाबून दोरी सोडत होती, आणि खालून शालनबाई ओरडत होत्या, "तानुबाई, गवार कवळी हाय, लवकर करा, संपतीया!"

"बिघाड म्हणा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चेअरमननी फाटकावर कागद लावला. "तांत्रिक बिघाडामुळे फ्लेक्स पूर्ण उघडत नाही. दुरुस्ती सुरू आहे." ज्या सोसायट्यांनी मापं नेली होती, त्यांनी दुसरा मिस्त्री शोधला. जिन्यातली ओळख पुन्हा कमी झाली. प्रेस शॉपमधला जुना सहकारी नवनाथ एकदा मुद्दाम थांबला. मान वर करून त्याने बघितलं आणि म्हणाला, "भावा, स्विच सरकलाय तुझा. दोन मिनिटांचं काम आहे. तुझ्या हातून असं?"

"बघतो," बुद्धरत्न म्हणाला.

निवडणूक झाली. दोन्ही पक्षांनी भाऊ दुसरीकडे गेले असं समजून आपापलं तिकीट तिसऱ्याला दिलं. भाऊ पुन्हा भावी झाले. वाढदिवस मात्र दरवर्षी येतो, त्यामुळे फ्लेक्सही येतो. आता वरचे पाच फूट भाऊ कोरेच छापून घेतात. कोणत्या साहेबांचे फोटो टाकायचे ते ठरेपर्यंत, असं आयुष सांगतो.

लिफ्ट बंद आहे. फाटकावरचा कागद पावसात दोनदा गळून पडला आणि चेअरमननी दोनदा नवा लावला. बुद्धरत्न महिन्यातून एकदा गच्चीवर जाऊन दोन्ही बेअरिंगना ग्रीस देतो आणि खिडकीतून हात बाहेर काढून स्विचचा नट सैल झाला नाही ना, ते तेरा-चौदाच्या पान्याने बघतो. भाजी आणायला तो खाली जात नाही, ती दोरीवरूनच वर येते.